निरोगी माणसाची दोन दिवसांची विश्रांती

विज्ञानाने मला निरोगी ठरवलं, याचा मला इतका आनंद झाला की त्या भरात मी विज्ञानाचंच नुकसान करून बसलो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, पुण्यात एका प्रयोगशाळेत जीवरसायनशास्त्रावर संशोधन करते. ती नेमकं काय करते असं गावात कोणी विचारलं की माझी आई सांगते, "रगत तपासस." त्यामुळे गावाच्या समजुतीप्रमाणे ती लॅबवाली आहे, आणि ती आली की दोन-चार जण साखर तपासून घ्यायला उपाशीपोटी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. प्रत्यक्षात ती एका आजाराचं कारण शोधतेय. या आजारात माणूस थकतो, आणि झोपून, खाऊन, टॉनिक पिऊन, देवाला नारळ फोडून तो थकवा काही उतरत नाही. उलट एखाद्या दिवशी जरा जास्त काम झालं की त्याची शिक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते आणि आठवडाभर चालते. याला म्हणायचं दीर्घकालीन थकवा. मला विचाराल तर निम्मं वाटोळं या नावानेच केलंय. कावीळ म्हणा, समोरचा गंभीर होतो. थकवा म्हणा, समोरचा लगेच म्हणतो, "माले बी येस."

माझ्या बायकोला हा आजार पाच वर्षांपासून आहे. एक ताप आला, आठ दिवसांत उतरला, आणि उतरताना बायकोला सोबत घेऊन गेला. तापाआधी ही बाई पहाटे उठून म्हैस दोहायची, सगळ्यांच्या भाकऱ्या करायची, दुपारी कापूस वेचायला मजुरांच्या पुढे असायची आणि संध्याकाळी मी का दमलो म्हणून मलाच विचारायची, "तुम्ही काब थकनात?" आता केस विंचरून झाले की हात मांडीवर टाकून बसून राहते. शहादा, नंदुरबार, सुरत अशा चढत्या भाजणीने आम्ही डॉक्टर केले. प्रत्येक ठिकाणी रक्त दिलं, प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल या शब्दाचा मला आता संताप येतो. रिपोर्ट नॉर्मल आला की नातेवाईक "देवाची कृपा" म्हणायचे आणि बायको घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. कारण रिपोर्टात काही नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ लावतात, बाईला काम नको आहे.

आई तर हे उघड म्हणायची. "दहा मजूरस्न्या भाकरी टाकीसन मी वावरमा जाऊ. माले कोनी नही सांगं, आराम कर म्हनीसन." यात खोटं काहीच नव्हतं. आई सत्तरीच्या पुढे गेली तरी अजून मिरचीचं पोतं एकटी सरकवते.

मी असलं काही बोलत नसे. मी सुशिक्षित आहे. हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मी बायकोला म्हणायचो, "जरा हालचाल कर, बरं वाटेल." पहाटे तिला केळीच्या बांधापर्यंत चालवत न्यायचो. एकदा मोलगीच्या बाजारात कसलासा कंद मिळतो असं कोणी सांगितलं, तर मी तिला जीपमध्ये बसवून सातपुडा चढवला. कंदाने ना भलं केलं ना वाईट. त्या घाटरस्त्याने मात्र ती पुढचे अकरा दिवस उठली नाही, आणि अकराव्या दिवशी मी तिला विचारलं, "कंद नियमित घेतेस ना?" बावीस वर्षं मी फळ्यावर लिहितोय की तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे, आणि खाली खडूने दोन रेघा ओढतोय. घरात एक माणूस ऊर्जेवाचून पडलंय आणि मी त्याला चालायला सांगतोय, हे कुठेतरी चुकतंय असं माझ्या डोक्यात आलं नाही. परीक्षेत विचारत नाहीत ना.

दिवाळीला भाची आली तेव्हा तिने मामीला अर्धा तास समोर बसवून प्रश्न विचारले. कधी थकवा येतो, कशाने वाढतो, किती दिवसांनी उतरतो. उत्तरं मी देत होतो. शेवटी ती म्हणाली, "मामा, आजार तुम्हाला आहे का?"

तिने आम्हाला समजावलं तेही आईला मध्ये घेऊन. "आजी, वावरात थ्री फेज आलेली नसताना मोटर चालू केली तर काय होतं?"

"घू घू करस. पानी येत नही. जास्त येळ ठेवी ते जळी जास."

"मामीच्या पेशींमध्ये तसलं काहीतरी होत असावं. आता वीजच कमी येते, की मोटर बिघडली, की ताप आला तेव्हा शरीराने घाबरून स्टार्टर पाडला आणि परत चढवायचं विसरलं, ते आम्हाला माहीत नाही. तेच मी शोधतेय."

"मंग आते काय देशी तिले?"

"काहीच नाही. मी फक्त शोधतेय."

आईने माझ्याकडे पाहिलं. इतकं शिकून मुलगी नुसती शोधते, हे तिला पटलं नव्हतं.

भाचीला आपल्या जिल्ह्यातली काही घरं हवी होती. प्रत्येक घरातला एक आजारी माणूस आणि त्याच घरातला, तेच अन्न खाणारा, साधारण त्याच वयाचा एक निरोगी माणूस. दोघांचं रक्त घ्यायचं, ताकद मोजायची, दुसऱ्या दिवशी परत मोजायची आणि दोघांत फरक कुठे पडतो ते पाहायचं. आमच्या घरात माणसं तीन. मुलगा नाशिकला शिकतो. आजारी म्हणजे बायको. आई वयात बसत नव्हती. राहिलो मी.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी भाचीने मामीला बजावलं. "मामी, यातून तुला औषध मिळणार नाही. तुझा वेगळा रिपोर्टही मिळणार नाही. खूप जणांचं एकत्र करूनच काही कळलं तर कळेल."

बायको म्हणाली, "माले औषध नको. आतापर्यंत ज्यास्नी रगत लिन्हं, त्यास्नी काही नही म्हनीसन पाठाडी दिन्हं. तू तरी काहीतरी शे असं समजीसन मोज. बस."

एवढंच तिचं मागणं होतं. ते मी ऐकलं, समजलो, मान हलवली, आणि मग माझी सही करायची पाळी आली. कागदावर माझ्या नावापुढे छापलं होतं, निरोगी. ब्लडप्रेशर सोडलं तर, पोट सोडलं तर, गुडघा सोडला तर मी निरोगीच आहे. ते मी शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. आमचे पीटीचे सर बराच वेळ हसत होते.

थंडी पडल्यावर, रविवारी, भाची आपली पेटी घेऊन आली. तिने आम्हा दोघांच्या मनगटावर पावलं मोजणारा एकेक पट्टा बांधला आणि एक वही दिली. नियम साधा होता. सोमवार आणि मंगळवार, दोन्ही दिवस दोघांनीही पूर्ण आराम करायचा. बुधवारी सकाळी उपाशीपोटी रक्त. "दोघंही विसावलेले असले तरच तुलना होईल," ती म्हणाली. "वहीत दर दोन तासांनी काय केलं ते लिहायचं." वही मी हातात घेतली. घरातला शिकलेला माणूस मी. ती नंदुरबारला दुसऱ्या घरांकडे निघून गेली.

मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली आणि आरामाला लागलो.

मी काम मनापासून करतो. खाट ओट्यावर टाकली, कारण उन्हात पडलं की आराम जास्त खोल होतो असा माझा अनुभव आहे. पावलं वाढू नयेत म्हणून पाण्याचा तांब्या उशाशी. चष्मा उशाशी. येणारे-जाणारे थांबायचे.

"सर, तब्येत बरी नही का?"

"बरी आहे. बरी आहे म्हणूनच पडलोय. संशोधन चालू आहे."

"आसं संशोधन आम्हना घर बी व्हस," एक जण म्हणाला. "मन्हा बाप करस."

मी दर दोन तासांनी वहीत लिहायचो. माझ्या रकान्यात विश्रांती. मग बायकोच्या रकान्यासाठी आत ओरडायचो, "अगं, पडलीस ना?" आतून उत्तर यायचं, "हो, पडेल शे." कधी ते उत्तर स्वयंपाकघराच्या बाजूने यायचं, कधी गोठ्याच्या. घर मोठं आहे, आवाज घुमतो, असं मी समजलो. आत जाऊन पाहायचं म्हणजे पन्नास-साठ पावलं. तेवढ्यासाठी विज्ञान कशाला बिघडवायचं? मी तिच्याही रकान्यात विश्रांती लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

आता इथे एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. ती आजारी पडल्यापासून म्हैस मीच दोहतो. पहाटे नळाला तासभर पाणी येतं, तेही मीच भरतो. शेण, चारा, दूध डेअरीत घालणं, सगळं मी. भांड्याला बाई येते. बायको बसून, थांबून, जमेल तसा स्वयंपाक करते. असं आमचं घर कसंबसं चालतं. आणि आमची म्हैस घरातल्या दोनच माणसांना जवळ येऊ देते, मला आणि बायकोला. आईला ती शिंग दाखवते. दोघींचं जुनं वैर आहे.

तर मी दोन दिवस खाटेवर. मग म्हैस कोणी दोहली? पाणी कोणी भरलं? हा प्रश्न दहावीच्या मुलालाही पडला असता. मला पडला नाही. मी असं धरून चाललो होतो की कोणीतरी करत असेल. गरम चहा येत होता. हिवाळ्याची वांगी होती, मंगळवारी संध्याकाळी भाची येणार म्हणून भरीत झालं, कळण्याच्या भाकऱ्या झाल्या. पाहुणी पुण्याहून आलेली, तिला काय खिचडी वाढणार? भाची जेवली, बोटं चाटली आणि म्हणाली, "कोणी केलं गं?"

आई म्हणाली, "व्हई गयं."

आमच्याकडे स्वयंपाक हा असा आपोआप होत असतो. बायको ताट सरकवत होती. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता, पण तो नेहमीच तसा असतो, असं मी मनात म्हणालो. मग मी मोठ्या तोंडाने सांगितलं, "दोन दिवसांत मी मोजून संडासला आणि परत, एवढंच चाललोय."

बुधवारी सकाळी रक्त घेतलं. भाचीने नळ्या एका यंत्रात घालून गरागरा फिरवल्या, मग धूर सोडणाऱ्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या. साखर तपासायला आलेले तिघे जण ती पेटी पाहून हळूच निघून गेले. मग तिने मुठीत दाबायचं एक यंत्र काढलं. दाबलं की किती जोर लावला त्याचा आकडा दिसतो. दहा वेळा दाबायचं, मध्ये थोडं थांबायचं.

आधी मी. पहिला आकडा बरा आला, दहावा जरा कमी. निरोगी माणसासारखाच.

मग बायको. पहिले दोन आकडे ठीक होते. तिसऱ्यापासून घसरायला लागले. सातव्याला तर यंत्राला वाटलं असावं की कोणी हात नुसता ठेवलाय. तिचा खांदा थरथरत होता, ओठ घट्ट मिटलेले.

"जोर लाव ना व," आई दारातून म्हणाली.

"आजी, ती लावतेय," भाची म्हणाली. "तुम्ही करून बघता?"

आई वाट पाहूनच होती. पदर खोचून बसली आणि दहा वेळा दाबलं. तिचा दहावा आकडा पहिल्याच्या जवळपास होता, आणि माझ्या दहाव्याच्या वर. मी म्हणालो, यंत्र सैल झालं असेल. कोणी लक्ष दिलं नाही. आई मात्र यंत्राकडे आणि सुनेच्या हाताकडे आळीपाळीने पाहत राहिली.

यानंतर भाचीने आमचे पट्टे काढून मोबाइलला जोडले. मग माझी वही उघडली, पानं उलटली.

"मामा, मामी या दोन दिवसांत कुठे गेली होती?"

"कुठेच नाही. पडून होती. लिहिलंय ना."

"अक्षर छान आहे. पण तुमचा पावलांचा आकडा तीन आकडी आहे. मामीचा पाच आकडी."

"पट्टे बदलले असतील."

"नाही बदलले."

"मग पट्टा बिघडलाय. चायनाचा असेल." हे मी म्हणालो. विज्ञानाचा शिक्षक.

भाचीने मोबाइल माझ्यासमोर धरला. दोन्ही दिवस पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी चार ते सात, बायकोच्या रेघा उभ्या चढलेल्या. पहाटे पाच ते आठ म्हणजे म्हैस आणि नळ. संध्याकाळी चार ते सात म्हणजे म्हैस, डेअरी आणि भाकरी. या वेळा मला तोंडपाठ होत्या, कारण त्या माझ्या कामाच्या वेळा होत्या. मी आराम करत होतो त्या प्रत्येक तासाला ती माझं काम करत होती. वर स्वतःचंही.

"मामी, तू सांगितलं का नाहीस?"

बायको भिंतीला टेकून बसली होती. "कोन करतं मंग? ह्या बी पडेल, मी बी पडेल. म्हैस काय उपाशी मारतू? आनि आईस्नं गुडघं..." ती थांबली, दम घेतला. मग खऱ्या भीतीने विचारलं, "मन्हं रगत आते फेकी देशी का?"

मी आयुष्यात पुष्कळदा लाजलोय, पण ते बहुतेक लोकांसमोर. त्या दिवशी लोक नव्हते. मी उठून गोठ्यात गेलो. म्हैस माझ्याकडे पाहून रवंथ करत राहिली. दोन दिवस बरी सेवा मिळाली होती तिला.

परत आलो तेव्हा भाची हिशोबी आवाजात बोलत होती. ती चिडली की असंच बोलते. आजचं रक्त विश्रांतीचं म्हणून धरता येणार नाही. खोटं लिहिणार नाही. रविवारी दुपारी ती परत पुण्याला निघणार, कारण पेटीतला बर्फ त्याच्या पुढे टिकणार नाही. रविवारी सकाळी रक्त घेता येईल, पण गुरुवार, शुक्रवार, शनिवार मामीने खरंच पडून राहायला हवं. नाहीतर मामीचं नाव यादीतून काढावं लागेल.

"आणि माझं?" मी विचारलं.

"मामा, तीन दिवस तुम्ही मामीचं आणि तुमचं, दोन्ही काम करणार. म्हणजे विसावलेले राहणार नाही. तुमचं नाव मी आत्ताच कापतेय."

मी अडीच दिवस शास्त्रीयदृष्ट्या निरोगी होतो. तेवढंच नशिबात होतं.

गुरुवारी सकाळी बायकोला उठवेना. भाचीने ठरल्याप्रमाणे यंत्र अंथरुणातच तिच्या हातात दिलं. पहिलाच आकडा आदल्या दिवशीच्या पहिल्याच्या निम्म्यावर. भाचीने पुढे दाबायला लावलं नाही. आई पायथ्याशी उभी होती. आकडा तिने वाचला. चौथी शिकलेली आहे, आकडे वाचते.

"रातभर ते झोपेल व्हती ही," आई म्हणाली. "मी सोता देखं. मंग कमी कसं व्हयनं?"

पाच वर्षांत आमच्या घरात विचारला गेलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. सुरतेच्या डॉक्टरनेही विचारला नव्हता, मी तर नाहीच नाही.

"आजी, हाच माझा प्रश्न आहे," भाची म्हणाली. "याच्यासाठीच मला पगार देतात."

मामीच्या मनगटावर पट्टा परत बांधून ती शहाद्याच्या घरांकडे गेली आणि आमचे तीन दिवस सुरू झाले. माझी अजून रजा. शाळेत काय कारण सांगितलं ते सांगत नाही. पहाटे नळ, म्हैस, डेअरी. मग चहा. मग स्वयंपाक. मला भाकरी थापता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की येत असेल, फक्त कधी केली नाही. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन भाग झाले. तिघांचे तीन, म्हणून मी वाढले. आईने तिचा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "म्हैसले घाल." दुपारी मी शहाद्याहून शेवभाजी आणि पाव आणले. संध्याकाळीही तेच. शुक्रवारीही तेच.

काम जमत नव्हतं त्याचा मला एवढा त्रास नव्हता. खरा त्रास होता बायकोला पडून राहायला लावण्याचा. डबा पडला की ती उठायची. दूध उतू जायचा वास आला की उठायची, आणि तो वास दर वेळी यायचा. मी ओरडायचो, "पडून राहा!" ती म्हणायची, "गॅस तरी बंद करा!" शेवटी आईने आपली खाट ओढत नेऊन सुनेच्या खोलीच्या दारात आडवी टाकली आणि त्यावर जपमाळ घेऊन बसली. बायकोला बाहेर यायचं तर सासूला ओलांडून यावं लागलं असतं. ते ती करणार नव्हती. मेली असती तरी नाही.

शनिवारी दुपारी आईचे एक चुलतभाऊ कापसाच्या कामाने शहाद्याला आले होते, ते भेटायला म्हणून घरी आले. आमच्याकडे पाहुणा दारात आला की सुनेने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचं आणि डोक्यावर पदर घेऊन पाया पडायचं. नाही आली तर ती गोष्ट पाहुणा चार गावांत नेतो. हे माझे मामा. ते बसले. तांब्या मी आणला. मामांनी तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आत.

"बठ, भाऊ," आई म्हणाली. "आंडोर चहा करी ऱ्हायना."

"आनि सुनबाई?"

आंडोर, म्हणजे तिचा मुलगा मी, चहाच्या पातेल्याजवळ थांबलो. आतल्या खोलीत बायकोनेही कान टवकारले असणार. या प्रश्नाला आईचं पाच वर्षांचं ठरलेलं उत्तर होतं, पडेल शे, कंटाळानी.

आईने माळेचा एक मणी ओढला. "आजारी शे ती," ती म्हणाली. "पाच वरीस व्हयनात. मी सोता देखं. रातभर झोपस तरी हातमा जोर येत नही."

"काय म्हनतस त्या आजारले?"

"नाव साधंच शे. आजार साधा नही."

मामांनी मान डोलावली. मग माझ्या चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवला. त्यात मी आलं जास्त घातलं होतं.

रविवारी सकाळी भाची आली. पट्ट्यात मामीच्या रेघा जमिनीला टेकलेल्या पाहून तिने मामीच्या डोक्यावरून हात फिरवला, जणू तीच मोठी. रक्त घेतलं, नळ्या फिरवल्या, पेटी बंद केली. मग वही मागितली. मी द्यायला लागलो तर म्हणाली, "तुमची नको. या वेळी मी मामीला वेगळी दिली होती."

मला माहीतच नव्हतं. उशीखाली ठेवली होती. भाचीने वाचली, आणि मी खांद्यावरून वाकून पाहिलं. तीन दिवसांच्या प्रत्येक रकान्यात बायकोच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, पडून होते. पडून होते. पडून होते. एका ठिकाणी, दूध उतू गेलं, उठले नाही. शनिवारच्या रकान्यात फक्त, आई बोलल्या ते ऐकलं. आणि शेवटी, यांच्या चहाने पित्त झालं.

"शेवटचं खोड," मी म्हणालो.

"राहू द्या," भाची म्हणाली. "आहाराची नोंद लागते."

मी तिला शहाद्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. पेटी मांडीवर घेऊन ती नंदुरबारच्या गाडीत बसली. कंडक्टरने पेटीत काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, "माझी मामी." त्याने पुढचं तिकीट फाडलं.

यालाही आता बरेच महिने झाले. कारण सापडलेलं नाही. भाची सांगते की काही दिसतंय असं वाटतं, मग दुसऱ्या घरच्या रक्तात ते दिसत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. माझी चिडचिड होते. इतक्या नळ्या, इतका बर्फ, माझी पाच दिवसांची रजा, आणि हाती काय, तर "अजून सांगता येत नाही." बायको बरी झालेली नाही. पण आता ती थकायच्या आधी थांबते आणि थांबल्यावर कोणी तिला काही विचारत नाही. भाकरी मला अजूनही येत नाही. भांड्याची बाई सकाळच्या भाकऱ्या टाकून जाते.

दर रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन येतो आणि तो आईच घेते.

"सापडनं का व कारण?"

"नाही आजी, अजून नाही."

"इतला दिन काय करी ऱ्हायनी मंग तू? आराम?"

हा टोमणा आमच्या घरात कोणासाठी राखून ठेवलेला होता ते आम्हा तिघांनाही माहीत आहे. पूर्वी फोन आला की बायको धडपडून उठून बसायची, पदर सारखा करायची. आता ती पडल्या पडल्या नुसता हात पुढे करते, आणि आई बडबडत उठते, चार पावलं चालत जाते आणि फोन तिच्या हातात देते.